बैठीं मेजें आणि तोडलेले पाय

अलीकडे आमच्या सुशिक्षित कुटुंबांत दिवाणखान्याच्या मध्यभागीं चिनी वळणाचें एखादें बैठें मेज मांडण्याची हौस फार वाढली आहे. काळ्या किंवा तांबड्या रोगणाचें, बांकदार पायांचें, कडांखालीं नक्षीची पट्टी असलेलें हें मेज कोचापुढें ठेवावयाचें, त्यावर एखादें पितळी घंगाळ व दोनचार जाड चित्रमय पुस्तकें मांडावयाचीं, आणि पाहुण्यानें विचारण्यापूर्वींच 'हें शंभर वर्षांचें आहे बरें का!' असें त्यास सांगावयाचें, हा आतां एक शिष्टाचारच होऊन बसला आहे. ह्या हौसेविषयीं आमची तक्रार नाहीं. लांकडाचा स्वभाव ओळखण्यांत चिनी सुताराची बरोबरी करणारे कारागीर जगांत थोडेच झाले असतील, आणि त्याच्या हातची वस्तु घरांत असावी असें वाटणें ह्यांत अभिरुचीच आहे. आमची तक्रार वेगळी आहे, व ती आरंभींच सांगून टाकतों. हीं मेजें निवडणारे लोक मेज पाहातात, पण त्याच्यापुढची बैठक पाहात नाहींत. आणि बैठक न पाहातां केलेल्या ह्या मागणीमुळें कित्येक उभ्या मेजांच्या पायांवर करवत चालली आहे.

हें विधान कोणास अतिशयोक्तीचें वाटेल, म्हणून थोडें मुळापासून सांगितलें पाहिजे.

चीनच्या उत्तर भागांत हिंवाळा फार कडक असतो. तेथील जुन्या घरांतून खोलीच्या एका बाजूस, बहुधा खिडकीला लागून, विटामातीचा एक रुंद ओटा बांधलेला असतो. त्यास 'खांग' म्हणतात. ह्या ओट्याच्या पोटांतून धुराच्या वाटा काढलेल्या असतात, आणि स्वैपाकाच्या चुलीचा ऊन धूर त्यांतून फिरून मग बाहेर पडतो. एकाच जाळावर अन्न शिजतें आणि अंथरूणही ऊबदार राहतें. रात्रीं सगळें कुटुंब त्या ओट्यावर निजतें. दिवसा अंथरुणें गुंडाळून ठेवलीं म्हणजे तेथेंच चटईवर मांडी घालून जेवणें होतात, शिवणटिपण चालतें, हिशेब होतात, आल्यागेल्यास चहा दिला जातो. ह्या ओट्यावर ठेवण्याकरितां जें मेज करीत तेंच खरें चिनी बैठें मेज. ओट्याच्या मध्यभागीं ठेवावयाचें तें रुंद, कडेला ठेवावयाचें तें अरुंद. पण दोहोंची उंची सामान्यतः फूटभर, एखादा इंच इकडे किंवा तिकडे. मांडी घातलेल्या माणसाच्या गुडघ्यावरून हात सहज पुढें यावा, कोंपर न उचलतां पेला हातीं लागावा, ह्या हिशेबानें ही उंची ठरलेली आहे. निजण्याची वेळ झाली कीं तें उचलून बाजूस ठेवावयाचें, म्हणून तें हलकें.

आपल्याकडे पाट आणि चौरंग ह्यांचें जें नातें, तेंच हें नातें होय. पाटावर बसलेल्या माणसापुढें चौरंग मांडावा. खुर्चीवर बसलेल्यापुढें तो कोणी मांडीत नाहीं. बैठें मेज ही अर्धी वस्तु आहे. तिचा दुसरा अर्धा भाग बसणाऱ्याच्या खालीं असतो. आणि गंमत अशी कीं, चिनी लोकही एके काळीं आपल्यासारखेच जमिनीवर चटई अंथरून बसत. तांग राजवटीच्या काळांत (इ. स. ६१८ ते ९०७) ही रीत हळूहळू सुटूं लागली, आणि पुढें सुंग राजवटींत (९६० ते १२७९) खुर्ची व तिच्या जोडीचें उंच मेज तेथें रूढ झालें. खुर्चीवर बसण्याची कल्पना बौद्ध भिक्षूंच्या मार्फत हिंदुस्थानांतूनच तिकडे गेली असावी, असें कांहीं विद्वानांचें मत आहे. तें खरें असेल तर आम्हीं त्यांना खुर्ची दिली, स्वतः पाटावर बसून राहिलों, आणि आतां साहेबानें शिकविलेल्या कोचावर बसून त्यांच्यापाशीं चौरंग मागत आहों!

हा कोचच सगळ्या घोंटाळ्याचें मूळ आहे. कोचापुढें बुटकें टेबल ठेवून त्यावर कॉफीचे पेले ठेवावे, ही पाश्चात्यांची चाल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जोरानें पसरली. कोचाची बैठक जमिनीपासून सोळा-सतरा इंच उंच असते. तीवर बसून फूटभर उंचीच्या मेजावरचा पेला उचलावयाचा म्हणजे कमरेंत वांकावें लागतें. म्हणून गिऱ्हाइक म्हणतें, मेज चिनी पाहिजे, जुनें पाहिजे, आणि कोचाच्या उंचीचेंही पाहिजे. ह्या तिन्ही अटी एकदम पुऱ्या करणारें मेज जुन्या चिनी घरांत क्वचितच सांपडे. खांगवरचें मेज फार बुटकें, आणि खुर्चीपुढचें मेज ३२ ते ३४ इंच उंच. पण व्यापाऱ्याजवळ करवत होती. तेहतीस इंचांचें मेज सतरा इंचांवर आणावयास अर्धा तासही लागत नाहीं.

ह्या करवतीखालीं जीं मेजें सांपडलीं त्यांत एक प्रकार असा आहे कीं त्याचें वर्णन वाचून तरी आमच्या वाचकांस वाईट वाटावें. लांब, अरुंद, दोन्ही टोकांस वर वळलेल्या कडा असलेलें हें मेज घरच्या मुख्य दालनांत भिंतीशीं उभें असे. त्यावर पूर्वजांच्या नांवांच्या पाट्या मांडीत, धूप जाळीत, दिवे लावीत. उभ्या माणसानें त्यापुढें नमस्कार करावा म्हणून तें उंच. आज तेंच मेज 'पूजेचें बैठें मेज' ह्या नांवानें विकलें जातें! असलें कांहीं मेज चिनी घरांत नव्हतेंच. आमच्याकडील एखाद्या जुन्या वाड्यांतला देव्हारा आणून, त्याचे पाय कापून, कोणी परदेशांत त्यावर चहाचे पेले ठेवूं लागला, तर आमच्यांतले हेच रसिक वर्तमानपत्रांत पत्रें लिहितील.

हें सर्व आम्ही जन्मजात शहाणपणानें लिहीत आहों असें मात्र कोणीं समजूं नये. हें शहाणपण पैसे मोजून घेतलेलें आहे. सुमारें दहा वर्षांपूर्वीं मुंबईंत जुन्या सामानाच्या एका दुकानीं आम्हीं असलेंच एक मेज पाहिलें आणि पाहातांच भाळलों. दुकानदार बोलका होता. मेज अठराव्या शतकांतलें, एका मोठ्या सरदार घराण्यांतलें, पायांचीं टोकें जराशीं कुजकीं आहेत हीच त्याच्या वयाची साक्ष, असें त्यानें सांगितलें व आम्हीं ऐकून घेतलें. घरीं आणल्यावर मातोश्रींनीं त्याच्याभोंवतीं एक फेरी मारिली आणि विचारलें, "ह्यावर बसायचं, कीं जेवायचं?" आम्हीं हंसून वेळ मारून नेली. पुढें दोनएक वर्षांनीं खिडकीची चौकट दुरुस्त करावयास एक मिस्त्री आले होते. त्यांनीं मेज बाजूस सारण्याकरितां तें आडवें केलें, पायांच्या आंतल्या बाजूनें अंगठा फिरविला, आणि म्हणाले, "साहेब, हें बसकं टेबल नव्हतं. उभं होतं, कोणीतरी त्याला बसवलंय." मग त्यांनीं आम्हांस काय काय दाखविलें तें सांगण्यासारखें आहे, कारण मेज निवडण्याची खरी विद्या ती एवढीच.

पहिली गोष्ट, मेज उलटें करून पाहावें. जो दुकानदार उलटें करूं देत नाहीं त्याच्या दुकानांतून नमस्कार करून बाहेर पडावें. आमच्या मेजाच्या पायांस आंतून चौकोनी खांचा होत्या. त्या लांकडाच्या ठोकळ्यांनीं बुजवून वर काळें रोगण फांसलें होतें. उभ्या मेजाच्या पायांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या तेथें बसत असत. मेज कापल्यावर त्या जमिनीला टेंकूं लागल्या म्हणून काढून टाकल्या. दुसरी खूण पायांच्या तळव्यांची. चिनी मेजांत एका जातीचे पाय खालीं येतां येतां आंत वळतात व घोड्याच्या खुरासारखे होतात. हा खूर वेगळा करून चिकटवीत नसत. पाय आणि खूर एकाच लांकडांतून कोरीत, आणि त्याकरितां बरेंच जाड लांकूड फुकट घालवीत. म्हणून खुराच्या वर सांध्याची रेघ दिसली कीं समजावें, मधला भाग गेला. दुसऱ्या जातीचे पाय सरळ असतात, पण वरून खालीं येतांना किंचित बाहेर झुकत येतात. त्यांस मध्येंच कापलें म्हणजे वरचा फळा लांबरुंद व खालचा पसारा आंखूड, असें तें ध्यान दिसतें; आणि उभ्या मेजाच्या मानानें केलेले जाड पाय बुटक्या मेजाला हत्तीच्या पायांसारखे वाटतात.

आतां त्या कुजक्या टोकांविषयीं. तीच आमच्या दुकानदाराची मुख्य साक्ष होती, आणि तीच त्याच्यावर उलटली. दगडविटांच्या ओलसर जमिनीवर वर्षानुवर्षें उभ्या राहिलेल्या मेजाचे पाय खालून कुजतात हें खरें. पण खांगवरचें मेज कोरड्या, ऊबदार ओट्यावर, चटईवर राहणारें. त्याच्या पायांना ओल कोठून लागावी? म्हणजे टोकें खरोखर जुनीं कुजलेलीं असतील तर मेज जमिनीवरचें, अर्थात् उभें; आणि तें आज बैठें असेल तर हीं टोकें नंतर जोडलेलीं किंवा नंतर कुजविलेलीं. आमच्या मेजाचीं टोकें पाण्यांत भिजवून कुजविलेलीं होतीं, असें मिस्त्रींचें मत पडलें. कापलेल्या जागेवरचें लांकूड रोगणाखालीं अगदीं ताजें, फिकट निघालें.

फळ्याची खालची बाजूही पाहावी. चिनी सुतार मेजाचा फळा चार पायांवर खिळ्यांनीं ठोकीत नाहीं. चार पट्ट्यांची चौकट कोंपऱ्यांशीं तिरकी जोडून, एकीचें जिभेसारखें टोक दुसरीच्या खांचेंत बसवून तो घट्ट करितो, आणि मधला फळा त्या चौकटीच्या खांचेंत मोकळा ठेवितो; पावसाळ्यांत लांकूड फुगलें व उन्हाळ्यांत आंखडलें तरी त्यास जागा असते. आमच्या कोंकणपट्टीच्या हवेंत हें मेज टिकतें तें ह्याच युक्तीमुळें. फळा डगमगतो म्हणून त्यास खिळे मारून आवळणें किंवा खांचेंत सरस ओतणें म्हणजे तो चिरून घेण्याची तजवीज करणें होय.

येथें प्रतिपक्षाचें एक म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे, कारण तें अगदींच पोकळ नाहीं. ते म्हणतात, 'पाय कापले नसते तर हीं मेजें सरपणांत गेलीं असतीं. उंच, अरुंद मेजाला आजच्या घरांत जागा कोठें? अर्धें का होईना, जगलें तर खरें.' कुजलेला इंच-दोन इंच भाग कापून चारी पाय समान करणें ही पूर्वींपासूनची दुरुस्ती आहे, तिला आमची हरकत नाहीं. परंतु अर्धें मेज कापणें ही दुरुस्ती नव्हे. आणि वांचविण्याचाच प्रश्न असेल तर चीनमध्यें तो कोणीं व कसा सोडविला, तें पाहावें.

१९४४ मध्यें, युद्ध चालू असतां, पेकिंग येथें गुस्ताव एके नांवाच्या जर्मन प्राध्यापकानें चिनी घरगुती सामानावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. यांग याओ ह्या चिनी सहकाऱ्यानें त्यासाठीं एकेक मेज व खुर्ची मोजून, सांधे उकलून, त्यांचे नकाशे काढले. पुढें बेइजिंगचे वांग शिश्यांग (१९१४–२००९) ह्यांनीं तें काम आपलें केलें. जुनें उत्तम लांकडी सामान मोडून नुसतें लांकूड म्हणून विकलें जात आहे हें पाहून १९५७ मध्यें त्यांनीं तें वांचविण्याकरितां जाहीर हांक दिली. हा गृहस्थ श्रीमंत नव्हता. मिळेल तें, परवडेल तें घेऊन त्यानें घरांत आणून ठेविलें. १९६६ सालीं सुरू झालेल्या सांस्कृतिक क्रांतीच्या गोंधळांत तें सर्व जप्त झालें व पुढें परत मिळालें. १९८५ मध्यें त्यांचा मिंग पद्धतीच्या सामानावरील सचित्र ग्रंथ निघाला; त्यांच्या कामांतील रेखाचित्रें त्यांच्या पत्नीनें काढलेलीं आहेत. त्यांच्या संग्रहांतील ७९ वस्तु आज शांघायच्या संग्रहालयांत आहेत. ह्या माणसाच्या घरांत जागेची अडचण आमच्या सदनिकेपेक्षां कमी नव्हती; परंतु अडचण झाली म्हणून त्यानें करवत हातीं घेतली नाहीं. त्यांच्या ग्रंथानंतर जगभर जुन्या चिनी सामानाची मागणी वाढली, आणि मागणीबरोबर बनावट मालही आला, हें दुर्दैव. पण त्याचा दोष ग्रंथाकडे नाहीं, तो वाचल्यावांचून विकत घेणाऱ्यांकडे आहे.

आणखी एका शब्दाविषयीं लिहिल्यावांचून राहवत नाहीं. ह्याच बैठ्या मेजांस बाजारांत 'अफूचें मेज' असें नांव आहे, आणि तें सांगतांना विकणाराच्या व घेणाराच्याही मुखावर एक मंद हास्य पसरतें. अफू ओढणारा माणूस पलंगावर आडवा होई व त्याच्याजवळ दिवा-नळीचें तबक अशा मेजावर असे, एवढें खरें. पण त्याच मेजावर त्याच घरांत मुलें जेवत, आजी शेंगा सोलीत असे. सगळ्या खांगमेजांस अफूचें मेज म्हणणें म्हणजे आमच्या प्रत्येक पानपुड्याच्या डब्यास तमाशाचा डबा म्हणण्यासारखें आहे. शिवाय मुंबईकरानें तरी हा शब्द जपून उच्चारावा. एकोणिसाव्या शतकांत माळव्याची अफू मुंबई बंदरांतून गलबतें भरभरून चीनला गेली; चीननें तिला अटकाव केला म्हणून १८३९ ते १८४२ पर्यंत इंग्रजांनीं त्या देशाशीं युद्ध केलें; आणि त्या व्यापाराच्या पैशानें ह्या शहरांतल्या कित्येक नामांकित घराण्यांची भरभराट झाली. ज्यांच्या आजोबांनीं विष विकलें त्यांच्या गांवच्या लोकांनीं विष पिणाऱ्याचें मेज शोभेची वस्तु म्हणून मिरवावें, ह्यांत मौज कसली?

लांकडाची गोष्ट थोडक्यांत. मोठमोठ्या किंमती दोन लांकडांना येतात. एक हायनान बेटावरचें पिवळसर सुगंधी लांकूड, आपल्या शिसवाच्याच कुळांतलें. दुसरें 'त्सुतान', जें अठराव्या शतकांत चिनी बादशहांच्या कारखान्यांत फार मानलें जाई. हें दुसरें लांकूड म्हणजे आपलें रक्तचंदन असें बहुतेक जाणते मानतात. रक्तचंदनाचें झाड आंध्रांतील शेषाचलम् व त्याच्या आसपासच्या डोंगरांतच मुख्यतः वाढतें, फार सावकाश वाढतें, आणि १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहे. तरीही त्याचे ओंडके चोरून चीनकडे जातात. आपल्या न्हावाशेवा बंदरांत ते अनेकदां पकडले गेले आहेत. तेव्हां कोणी 'बादशाही लांकडाचें जुनें मेज' दाखवूं लागला तर दोनच शक्यता बहुधा संभवतात: मेज जुनें असेल तर लांकूड तें नव्हे, आणि लांकूड तें असेल तर मेज जुनें नव्हे, व त्याच्यापायीं आमच्याच डोंगरावरचें एखादें झाड गेलें आहे. आमच्या मध्यमवर्गीय ऐपतीस जें खरोखर मिळतें तें उत्तर चीनमधील साधें 'एल्म' लांकूड, ठळक रेषांचें व मजबूत. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं; शेतकऱ्याच्या घरचें खांगमेज त्याचेंच होतें.

मग घ्यावें तरी काय? ज्याच्या घरीं अजून गालिचा, लोड आणि तक्क्या आहे, त्यानें खुशाल खरें खांगमेज घ्यावें; तें त्याच्याच गुडघ्याच्या मापाचें आहे. ज्यास कोच सोडवत नाहीं त्यानें जुनी चिनी चौकोनी बसकी तिवई पाहावी. ती मुळांत बसण्यासाठींच केलेली, दीड-पावणेदोन फूट उंच, आणि न कापतां कोचाशेजारीं नीट उभी राहते. तीहि नको असेल तर विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंतील कारखान्यांनीं चिनी वळणावर जीं कॉफीचीं टेबलें केलीं, तीं घ्यावीं. तीं कोचाकरितांच जन्मलीं. त्यांची उंची त्यांची स्वतःची आहे. त्यांस 'व्हिंटेज' म्हणावें, 'अँटिक' म्हणूं नये, एवढेंच. आपल्या १९७२ च्या कायद्याप्रमाणें पुराणवस्तु म्हणवून घेण्यास अशा वस्तूचें वय शंभर वर्षें तरी लागतें. दुकानदाराच्या तोंडीं तें दर गिऱ्हाइकागणिक वाढतें. आणि जुन्या घरांच्या तुळया वापरून काल-परवां केलेलें मेज, विकणारानें तसें सांगून विकलें, तर त्यासारखा प्रामाणिक व्यवहार नाहीं. नवें म्हणून तें निर्जीव आहे असें म्हणणाऱ्यांनीं मिंग काळीं तीं सगळीं मेजें नवींच होतीं हें आठवावें.

आमचें तें मेज अजून घरांत आहे. खरी हकीकत सांगून तें विकावें तर कोणी घेत नाहीं, आणि न सांगतां विकवत नाहीं. दुपारीं मातोश्री त्याच्या शेजारीं पाट मांडून तांदूळ निवडावयास बसतात, पण सतरा इंच त्यांस फार उंच पडतात; सूप गुडघ्यावर घेऊन बसतात, आणि मेजावर चष्म्याचें घर ठेवितात.